खाऱ्या दर्यात गोडं पाणी



इब्रामपूर, पेडणे, डिचोलीच्या मंडळींनो,
आज जाऊया शेजारच्या मालवणला.

किनाऱ्यासमोर एक छोटं बेट आहे.
नाव कुरटे.

1664 साली शिवाजी महाराजांनी इथे
सिंधुदुर्ग बांधायला घेतला.

बेटाभोवती खडकच खडक.
आणि बेटावर गोडं पाणी!

दूधबाव, दहीबाव, साखरबाव.
तीन विहिरी.

होय, चारी बाजूंनी खारा दर्या,
आणि आत गोडं पाणी.

मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते.
किल्ल्याचा दरवाजा तटाच्या वळणात लपलेला.
अगदी जवळ गेल्यावरच दिसतो.

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे.
चुन्यात उमटलेले हाताचे, पायाचे ठसे आहेत.
ते महाराजांचेच, असं लोक मानतात.

पावसाळ्यात होड्या बंद असतात.
दिवाळीनंतर जरूर जा.
आणि त्या विहिरींत कचरा मात्र टाकू नका.