नकाशात नसलेली विहीर
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात एका अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरबांधणीच्या परवानगीसाठी आलेला नकाशा उघडला की आपली नजर प्रथम भिंतींकडे आणि सोडलेल्या मोकळ्या जागेकडे जाते. सांडपाण्याचे नळ, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा कोपऱ्यात बारीक रेघांनी दाखविलेले असतात. मला आज त्या कोपऱ्याविषयीच बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावातील नकाशा माझ्याकडे छाननीसाठी आला. घरमालकाच्या स्वतःच्या विहिरीपासून शोषखड्ड्याचे अंतर त्यात व्यवस्थित लिहिलेले होते. शेजाऱ्याची विहीर कुंपणापलीकडची, म्हणून ती नकाशात नव्हती. प्रत्यक्षात ती शोषखड्ड्यापासून जेमतेम सात मीटरांवर होती. पावसाळ्यात शेजारच्या मुलांना जुलाब सुरू झाले. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की काही दिवस बरे जात, पुन्हा तेच. नकाशा नियमात बसत होता. मी जागेवर गेलो नव्हतो.

सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध झालेले असते, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. टाकीत घन मैला तळाशी बसतो व काही अंशी कुजतो, एवढेच. बाहेर येणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. उरलेले काम जमिनीने करावयाचे असते. म्हणूनच भारतीय मानक 2470 नुसार पिण्याच्या पाण्याचे ठिकाण शोषखड्ड्यापासून निदान 18 मीटर, म्हणजे साठेक फूट, दूर असले पाहिजे. विहीर कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यात येत नाही.

हे अंतरही सर्वत्र पुरेसे नसते. आपल्या काळ्या चिकण मातीत पाणी मुरतच नाही. खड्डा तुंबून वर येतो. उलट भेगाळलेल्या काळ्या पाषाणात ते न गाळताच दूरवर जाते, आणि अशा खडकात शोषखड्डा करू नये असे मानकच सुचविते. परीक्षा सोपी आहे. शोषखड्ड्याच्या जागी लहान खड्डा खणून तो पाण्याने चांगला भिजवावा आणि नंतर पाण्याची पातळी 25 मिलिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे.

ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चे कलम 52 बांधकामाच्या परवानगीविषयी आहे. 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागास एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आहे. परवानगीसाठी होणाऱ्या हेलपाट्यांना घरमालक कंटाळतो, आणि त्याचे सर्वस्वी चुकते असे मी म्हणणार नाही. पण आणखी एक शिक्का मारण्यापेक्षा दोन गोष्टी कराव्यात. शेजारच्या विहिरी व कूपनलिका नकाशात दाखवून घ्याव्यात, आणि नळ व खड्डा मातीने बुजविण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहावे. एकदा फरशी बसली की काय पाहणार? गावातील विहिरींचा नकाशा तर शाळेतील मुलेही टेप घेऊन दोन दिवसांत तयार करतील.

त्या गावचा शोषखड्डा अखेर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवावा लागला. नवी फरशी उखडली गेली, पुन्हा खोदाई झाली. तो सारा खर्च घरमालकाने सोसला. नकाशावर सही माझी होती.