थारवाल्याआधी ट्रॅक्टरवाल्याला विचारा

मागच्या भागानंतर इनबॉक्समध्ये दोनच प्रश्नांचा पाऊस पडला. पहिला, "दादा, थार घेतली, लिफ्ट किती इंचाची टाकू?" दुसरा, "गडचिरोलीतला सगळ्यात खतरनाक ट्रेल कोणता? लोकेशन टाक ना भाऊ." लोकेशन मी टाकणार नाही. का, ते या भागातच कळेल. लिफ्टचं आधी बोलू.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी मूळचा चंद्रपूरचा, बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. वर्षातून चार-पाच वेळा डिझेल थार घेऊन घरी येतो आणि तिथून खाली आलापल्ली, एटापल्ली, भामरागड. फोर बाय फोरबद्दल मी जे शिकलो त्यातलं निम्मं यूट्यूबवरून. उरलेलं निम्मं, म्हणजे उपयोगाचं निम्मं, तिथल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांकडून.

तर जमीन. आपल्या दोन जिल्ह्यांत जमीन एकसारखी नाही, आणि गाडीचं सगळं गणित जमिनीवर ठरतं. वरोरा-भद्रावतीकडे काळी माती. पहिला पाऊस पडला की ती फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि दहा मिनिटांत तुमचा महागडा मड टायर गुळगुळीत भजं होतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ते आरमोरी हा धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला चिखलणीची लोखंडी चाकं लागतात आणि तोच ट्रॅक्टर पांदण रस्त्यावरून गेला की मागे गुडघाभर खोल चाकोऱ्या. आणि दक्षिणेला अहेरीच्या पुढे मुरूम, दगड, दर दोन-चार किलोमीटरला नाला. तिथे चिखलापेक्षा पाण्याचा आणि दगडाचा खेळ जास्त.

आता लिफ्टचं उत्तर. ट्रॅक्टरच्या चाकोरीत थार कशी अडकते माहितीये? चाकं खाली जातात आणि मधला उंचवटा मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला टेकतो. गाडी पोटावर बसते, चाकं हवेत फिरतात. आणि मागचा गोळा एक्सलवरच असतो. स्प्रिंग चार इंच उंच केल्या तरी तो गोळा एक मिलिमीटरसुद्धा वर येत नाही! तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, तेही टायर जेवढा वाढला त्याच्या निम्मा. मग उपाय काय? चाकोरीत उतरायचंच नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं कडेच्या धुऱ्यावर. खर्च शून्य रुपये. फक्त गाडीतून उतरून आधी पन्नास पावलं चालून बघावं लागतं, आणि ते रीलमध्ये छान दिसत नाही.

दुसरी जवळपास फुकटची गोष्ट म्हणजे हवा. रस्त्यावर ३२ पीएसआय ठेवता ना? चिखलात, वाळूत १८ पर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीवरचा ठसा लांब होतो, गाडी रुतण्याऐवजी तरंगल्यासारखी जाते. मात्र १५ च्या खाली गेलात आणि जोरात वळलात, तर टायर रिमवरून निघू शकतो. आणि डांबरी रस्ता लागला की थांबून हवा परत भरायची, म्हणून बारा व्होल्टचा चांगला कंप्रेसर. माझ्या गाडीतला सगळ्यात जास्त वापरला गेलेला मॉड तोच आहे.

बाकी माझ्या गाडीत काय केलंय? खालून जाड पत्रा, पुढे-मागे ओढण्यासाठी नीट बोल्ट केलेले हुक, आणि एक्सलच्या ब्रीदरला लांब नळी. ही नळी कुणी दाखवत नाही, कारण ती दिसतच नाही. एक्सल चालून चालून गरम झालेला असतो. तुम्ही तो थंड नाल्यात घातला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइलचं ताक होतं. महिन्याभराने बेअरिंग ओरडायला लागतं आणि आपण शिव्या घालतो कंपनीला. काही शे रुपयांची नळी बॉनेटपर्यंत वर नेली की हा प्रश्न मिटतो.

स्नॉर्कल मी लावलेला नाही. यावर कॉमेंटमध्ये भांडण होणार, होऊ द्या. फोर्सच्या गुरखाला स्नॉर्कल कंपनीतूनच येतो, ती गोष्ट वेगळी. बाहेरून बसवलेला स्नॉर्कल इंजिनच्या श्वासाची सोय करतो. तुमच्या दाराचे रबर, वायरिंग, अल्टरनेटर तिथेच राहतात जिथे होते. थारची पाण्यातली मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, तीही संथ पाण्यासाठी. वाहत्या पाण्याचं गणित वेगळंच आहे. इंजिनिअर आहे, दोन मिनिटं सहन करा.

गाडीचा तळ साधारण साडेपाच चौरस मीटर धरा. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलं की साडेपाचशे लिटर पाणी बाजूला सारलं गेलं, म्हणजे चाकांवरचं साडेपाचशे किलो वजन गेलं. तीस सेंटिमीटर चढलं तर साडेसोळाशे किलो. गाडी आहे पावणेदोन टनांच्या आसपास. मग टायरने जमीन धरायची कशाच्या जोरावर? त्यात बाजूने धार. पाणी सेकंदाला दोन मीटरने, म्हणजे आपल्या जॉगिंगच्या वेगाने आलं, तरी अर्धा मीटर बुडालेल्या गाडीला साडेतीनशे-चारशे किलोचा धक्का बसतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. दरवाजे बंद असलेली, पाणी आत न येणारी गाडी म्हणजे होडी. फक्त वल्हं नसलेली. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात घातलेली एसयूव्ही वाहून गेली, माणसं गेली. तो व्हिडिओ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. बघितला नसेल तर शोधू नका.

आता लोकेशन का टाकत नाही, त्याकडे येतो. ज्याला आपण 'एक्स्ट्रीम ट्रेल' म्हणतो, तो तिथे कुणाचा तरी दवाखान्याचा रस्ता असतो. आमटे मंडळींनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा पावसाळ्यात त्या भागाचा बाहेरच्या जगाशी संपर्कच तुटायचा. आज आलापल्लीहून भामरागडला गाडीने जाता येतं, पण पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं, हे दर पावसाळ्यात बातम्यांत तुम्ही वाचता. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथेच एकत्र येतात, पाणी जाणार कुठे? आणि मुख्य रस्ता सोडून आत टोल्यांवर गेलात तर पूल हा शब्दच नाही. रपटा असला तरी नशीब.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एटापल्ली तालुक्यात अशाच एका नाल्यावर आम्ही दोन गाड्या घेऊन थांबलो होतो. पाणी रपट्यावरून जात होतं, गढूळ, फार खोल वाटत नव्हतं. पलीकडे सात-आठ माणसं आणि खाटेवर एक बाई. आशाताई हातवारे करून ओरडत होत्या. पाण्याच्या आवाजात एवढंच कळलं की दिवस भरलेत, कळा सुरू झाल्यात. माझ्यासोबतच्या मित्राने सरळ फोर लो टाकला. म्हणाला, "थार कशासाठी घेतली मग?" खरं सांगतो, मलाही क्षणभर तसंच वाटलं.

आमच्या बाजूला एक म्हातारे बाबा काठी टेकून उकिडवे बसले होते. त्यांनी मान हलवली. "नको टाकू बाबू. तो गोटा दिसत नाही अजून." कुठला गोटा? तर पाण्याच्या मध्यावर, थोडा खालच्या अंगाला एक काळा दगड आहे म्हणे. तो डोकं वर काढतो तेव्हा ट्रॅक्टर जातो. अर्धा उघडा पडतो तेव्हा माणसं जातात. मी मोबाइलवर पावसाचं रडार उघडायला गेलो. रेंज नव्हती, आणि बाबांचं रडार समोर होतं.

तास-सव्वा तास. तुम्ही कधी एखाद्या दगडाची वाट बघितली आहे? पलीकडून मधेमधे त्या बाईचा आवाज यायचा. मित्र फेऱ्या मारत होता, माझ्याशी बोलत नव्हता. मी आमच्या काठावर एक काडी रोवून पाण्याची रेषा बघत होतो. वीस मिनिटांत चार बोटं उतरलं, पुढच्या वीस मिनिटांत सहा. मग तो काळा गोटा दिसला. बाबा काही बोलले नाहीत, काठीने फक्त दाखवलं. पलीकडून ट्रॅक्टर निघाला, ट्रॉलीत गवताच्या पेंढ्या, त्यावर ती बाई आणि आशाताई. चालवणारा पोरगा विशीचासुद्धा नसेल. पहिला गिअर, एकच रेस, मधे क्लच नाही, ब्रेक नाही. मागचं भलंमोठं चाक, वजन आणि तळाखालून पाणी जायला भरपूर जागा. आमच्या दोन्ही गाड्यांत मिळून जेवढा खर्च झालाय त्यात त्याचा जुना ट्रॅक्टर आला असता.

पुढचं काम मात्र थारचं होतं. ट्रॉलीत पस्तीस किलोमीटर नेणं शक्य नव्हतं. तेव्हा कळलेली एक गोष्ट कुठल्याही मॉडिफिकेशनच्या व्हिडिओत नाही. मित्राच्या गाडीला कडक स्प्रिंगची लिफ्ट किट होती. रिकामी असताना ती प्रत्येक दगडावर उडते. आशाताईंनी दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून, हाताने दाबून बघितलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी टायर २० पीएसआयवर आणले आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कुठलाही खड्डा न चुकवता, प्रत्येक खड्ड्यात हळू उतरत ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेलं. दोन तास लागले. रात्री साडेनऊला आशाताईंचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. आणि वर ओरडल्यासुद्धा, आम्हाला नाही, घरच्यांना: तारीख जवळ आल्यावर माहेरघरात आणून ठेवायला सांगितलं होतं, का नाही आणलं? दूरच्या गावातल्या बायकांनी आधीच येऊन राहावं म्हणून आरोग्य केंद्रांजवळ ही माहेरघरं आहेत, ती नेमकी या नाल्यांसाठीच.

तर विचार करा. त्याच वाटेचं लोकेशन मी टाकलं, आणि दिवाळीनंतर वीस गाड्या मड टायर घालून तिथे चिखल उडवायला आल्या. ओल्या मुरमात चाकं फिरवून खोल चर पडले. पुढच्या पावसात पाणी त्याच चरांतून वाहणार, आणि तो पोरगा ट्रॅक्टर कुठून नेणार? आम्ही आता आमच्या ग्रुपमध्ये नियमच केलाय. चाक फिरायला लागलं की पाय काढायचा. रुतलो तर फावडं काढायचं, आणि निघताना पाडलेला खड्डा दगडांनी भरून जायचं. विंच लावताना झाडाला रुंद पट्टा बांधायचा, नुसती वायर कधीच नाही. आणि मोहाचं झाड असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्या एका झाडाखालची फुलं म्हणजे कुणाच्या तरी घरातला पैसा असतो.

कायद्याचं पटकन सांगतो, कारण यावर पोरं फसतात. राखीव जंगलात वाट दिसली म्हणून गाडी घालता येत नाही, १९२७ चा वन कायदा आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरलात तर १९७२ चा वन्यजीव कायदा. ताडोबात ठरलेल्या गेटने, ठरलेल्या वेळी, गाइड घेऊनच. ब्रह्मपुरीकडे तर वाघ अभयारण्याची हद्द बघून फिरत नाहीत, संध्याकाळी पांदणीत वाकून जॅक लावायची वेळ आणू नका. गाडीतल्या बदलांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की आरसीमध्ये नोंदलेल्या कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. बुल बारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. म्हणून माझे टायर कंपनीच्याच साइजचे आहेत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो टायरचाच काढते.

आणि वेकोलिच्या खाणींजवळचे ते मातीचे डोंगर, जिथे रील बनतात? तिथे प्रवेश बंद आहे, आणि सैल टाकलेली माती कधी सरकेल सांगता येत नाही. चढ सुंदर दिसतो, मान्य.

दक्षिण गडचिरोलीत जाताना एक गोष्ट कायम करा. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा मदत केंद्रात कुठे जातोय, कधी परततोय ते सांगून जा. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. तोही रोजच्या वाहतुकीचा रस्ता होता. तिथली परिस्थिती बदलतेय, रस्ते होतायत, काही गावांत पहिल्यांदा एसटी पोचतेय. तरी अनोळखी गाडी रात्री कच्च्या रस्त्याने फिरताना दिसली की गाव काळजीत पडतं. गावात शिरलात तर आधी इंजिन बंद, मग खाली उतरून जोहार, मग रस्ता विचारायचा. काच खाली करून "ओ भाऊ, इधर से रास्ता है क्या" हा प्रकार बंद करा.

एका श्रोत्याने विचारलंय की जुनी जिप्सी घेऊ का. घे. हजार किलोच्या आसपास वजन, त्यामुळे चिखलात थारपेक्षा कमी रुतते आणि रुतली तर चार माणसं ढकलून काढतात. फक्त चासीला मागच्या बाजूने खालून गंज बघ, हातोडीने ठोकून बघ, रंगावर जाऊ नको. ताडोबातून निघालेली गाडी असेल तर दुप्पट वेळ ठोक.

पुढच्या भागात दोर. कायनेटिक रोप आणि साधा पट्टा यात फरक काय, आणि शॅकल तुटून काचेतून आत कसा येतो. तुमच्याकडे तुटलेल्या शॅकलचे फोटो असतील तर पाठवा. भेटू.