केसांखालची जखम



१८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले तेव्हापासून आपली विद्या वाढली ती मुख्यतः बैल, म्हैस आणि घोडा यांच्या आधाराने. कुत्रा मागाहून आला, मांजर त्याच्याही मागून. म्हणूनच की काय, मांजराच्या जखमेला आपण अजून कुत्र्याच्या जखमेचेच नियम लावतो, फक्त औषधाची मात्रा कमी करतो. माझे म्हणणे एवढेच की मांजराची जखम दिसण्यात, भरण्यात आणि औषध सोसण्यात वेगळी असते, आणि हे ध्यानात न घेता केलेला उपचार पुष्कळदा जखमेपेक्षा महाग पडतो.

आधी दिसण्याचे पाहू. बोक्यांच्या भांडणात सुळा कातडीत शिरतो तो सुईसारखा. भोक इतके बारीक असते की रक्त नावालाच येते आणि एखाद्या दिवसात तोंड मिटते. आत मात्र पाश्चुरेला आणि हवेवाचून वाढणारे जिवाणू कोंडले जातात. दोन-चार दिवसांनी गळू वर येते. ‘कालपर्यंत चांगलं होतं हो,’ असे मालक म्हणतो तेव्हा तो त्याच्या परीने खरेच बोलत असतो. समोरासमोर झुंजलेल्याचा चावा गालावर किंवा पुढच्या पायावर सापडतो, पळ काढलेल्याचा शेपटीच्या मुळाशी. तिथले केस कापून पाहिल्याशिवाय तपासणी झाली असे मी मानत नाही. पू साचलेला असेल तर तो बाहेर काढलाच पाहिजे. नुसते प्रतिजैविकाचे इंजेक्शन देऊन मांजर घरी पाठवणे हा मालकाच्या समाधानाचा उपचार झाला. वेदनेचेही तसेच. मांजर ओरडत नाही. कपाटामागे बसते, उडी मारायचे टाळते, अन्नावरून तोंड फिरवते. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाक-तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक झाले, तर वेदनाशामकाचा विचार करायचा. या कामाला यंत्र लागत नाही, मिनिटभर थांबून पाहावे लागते.

भरण्याबाबतचा पुरावा तर शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, सातव्या दिवशी मांजराच्या टाके घातलेल्या जखमेची बळकटी कुत्र्याच्या जखमेच्या जेमतेम निम्मी भरली. उघड्या जखमेत नवे मांसही उशिरा धरले. वरून कोरडी दिसते म्हणून टाके काढण्याची घाई करणाऱ्याने हे आकडे पाहावेत.

यावर आक्षेप ठरलेला आहे: खेड्यातली मांजरे चाटून चाटून बरी होतातच की! होतात, पण आपल्या नजरेस पडतात ती जगलेली. गंजीखाली मेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. शिवाय खरखरीत जीभ भरत आलेली जखम पुन्हा उघडते, आणि कातडीवर लावलेले सगळे पोटात नेते. इथेच खरा धोका आहे. फिनॉलच्या कुळातली द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याची यकृताची शक्ती मांजरात फार तोकडी आहे. त्यामुळे मोरीतले फिनाईल किंवा क्लोरोझायलेनॉल असलेले घरगुती जंतुनाशक मांजराला चालत नाही. गुरांच्या जखमेतल्या अळ्यांसाठी वापरले जाणारे टर्पेंटाइन त्या कुळातले नसले तरी तेही चालत नाही. पॅरासिटामॉल सर्वांत घातक. त्याने रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते. पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळीही चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मी हलका लेखत नाही. तालुक्यापासून दूर राहणाऱ्याने रात्री काय करायचे? लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा सुमारे दीड सपाट चमचा मीठ घालायचे आणि त्याने जखम धुवायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटे न उचलता दाबून धरायचे. सकाळी दवाखाना गाठायचा. हळद, तेल, चुना काहीही नको. हा सल्ला फोनवर देता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मांजर हाताळू देत नसेल तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळावे. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन माणसांच्या डॉक्टरकडे जावे. कोणाशी भांडले हे माहीत नसलेले मांजर आपल्या देशात रेबीजच्या शंकेतून सुटत नाही. तेव्हा त्याला लगेच लसीचा जादा डोस आणि पुढे देखरेख हवी, आणि टेबलाशी उभ्या असलेल्या मदतनिसाचे लसीकरण आधीच झालेले हवे.

या संमेलनाच्या उद्याच्या खुल्या सत्रात मी एक छोटा ठराव मांडणार आहे. मांजराच्या केसपेपरवर वजन आणि तापमान यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: घरी काय लावले आणि काय पाजले. मालक हे आपणहून सांगत नाही, रागावून विचारले तर मुळीच नाही. म्हणून तो रकाना तपासणीआधी मदतनिसाने भरून घ्यावा.