पाकिटावर नाव आपलं, पत्र कोणाचं?

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



विषय कार्यकारिणीने दिला आणि का दिला ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्यातल्या एका काकांच्या नावाने ई-मेल आली : ‘मी इस्पितळात आहे, बोलता येत नाही, पंधरा हजार पाठवा, सोमवारी परत करतो.’ तीन घरांतून पैसे गेले. काका त्या वेळी घरी मजेत आमरस खात होते. पैसे गेलेच, पण त्यानंतर जो तो त्यांना हसून विचारू लागला, “काय, तब्येत बरी ना?” शेवटी त्यांनी मंडळात येणं सोडलं. चोरी ज्याच्या नावावर झाली, त्यालाच आपण खजील केलं. मला हे अजिबात आवडलेलं नाही, म्हणून आज बोलतोय.

ई-मेल पाठवण्याचे मूळ नियम 1982 सालचे. तेव्हा हे जाळं विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरतं होतं, सगळे ओळखीचे. त्यामुळे ‘प्रेषक’ या जागी पाठवणारा जे लिहील ते खरं धरायचं ठरलं. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव लिहावं, पोस्टमन काही ओळखपत्र मागत नाही, तसंच हे. आपल्या इंदूरच्या जुन्या घरांत होळकर संस्थानाची तिकिटं लावलेली पाकिटं अजून जपलेली आहेत. ती हाताळणाऱ्यांना ठाऊक असतं की पत्र कुठून निघालं ते टपालाच्या शिक्क्यावरून कळतं.

असे शिक्के ई-मेललाही असतात. संगणकावर जीमेलमध्ये पत्र उघडून तीन टिंबांवर दाबा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी नावं दिसतील आणि पुढे ‘पास’ किंवा ‘फेल’. पत्र ज्या पत्त्यावरून आल्याचं सांगतं, तिथूनच खरंच निघालं का, याची ही तपासणी. पण ‘पास’ वाचून लगेच निश्चिंत होऊ नका. हल्ली चोर वेगळंच करतात. स्वतःचं नवं खातं उघडतात आणि त्याला नाव तेवढं काकांचं देतात. पत्र त्या खात्यातूनच निघालेलं असतं, मग तपासणीत पास होणारच! मोबाइलवर तर नुसतं नाव दिसतं, पत्ता दडलेला असतो. नावाखालच्या ओळीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता वाचायची सवय लावून घ्या.

आता, आपल्याच नावाने पत्रं जाताहेत असं कळलं तर? आधी एवढं शोधायचं : चोराने नुसतं नाव वापरलं, की घराची किल्लीही नेली? ‘सेंट’मध्ये तुम्ही न पाठवलेली पत्रं असली, किंवा अनोळखी मोबाइलवरून खातं उघडल्याची सूचना आली, तर किल्ली गेली. ‘सेंट’ कोरं दिसलं तरी लगेच खात्री धरू नका, चोर पाठवलेलं पुसूनही टाकतो. नुसतीच ‘पत्र पोचलं नाही’ अशी शेकडो उत्तरं येत असतील, तर बहुधा फक्त नाव वापरलंय. चार-आठ दिवसांत ती लाट बहुतेक ओसरते. त्यासाठी पत्ता बदलू नका, त्याला तुमची बँक, पेन्शन, आधार सगळं जोडलेलं आहे.

किल्ली गेली असेल तर पासवर्ड बदलायचा, हे सगळेच सांगतात. पुढचं मात्र फार थोडे सांगतात. खात्यात शिरलेला माणूस जाण्याआधी खिडकी उघडी ठेवून जातो. सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ बघा. तुमच्या प्रत्येक पत्राची प्रत त्याच्याकडे जावी, किंवा बँकेची पत्रं आली की थेट कचऱ्यात पडावीत, अशी व्यवस्था त्याने केलेली असते. पासवर्ड बदलला तरी ती तशीच राहते! ती काढा. रिकव्हरीसाठीचा फोन नंबर आपलाच आहे ना, तेही बघा. मग सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करून दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. नातवाला शेजारी बसवलंत तरी चालेल, पासवर्ड मात्र स्वतः टाका.

ओळखीच्यांना फोनवरून कळवा, मेलने नको. तुमच्या मेलवर आता ते विश्वास का ठेवतील? कोणाचे पैसे गेले असतील तर त्याने ताबडतोब 1930 वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

आता थोडं कडू. चोरांना आपले पत्ते मिळतात कुठून? आपण मंडळाचं निमंत्रण पाठवतो तेव्हा दोनशे पत्ते ‘टू’मध्ये ओळीने लावतो. त्यातल्या एकाचं खातं फुटलं की दोनशे घरांची यादी चोराच्या हातात. सगळे पत्ते ‘बीसीसी’त टाकले तर कोणाला कोणाचा दिसत नाही. आणि ही स्मरणिका! दरवर्षी शेवटच्या पानांवर सभासदांची नावं, फोन, ई-मेल छापतो आणि तीच पानं पीडीएफ करून गावभर पाठवतो. यादी काढून टाका असं मी म्हणत नाही, त्या यादीवरून आपल्याकडे सोयरिकी जुळल्या आहेत. पण ई-मेलचा रकाना यंदापासून वगळावा, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे ठेवतो.

आणि काकांना आरतीला बोलावायला आपल्यापैकी कोणीतरी घरी जावं. फोन नको, घरीच जा.