ऋतुसमाप्ती आणि रक्ताची गुठळी
(महिला आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



पेणमध्ये पोह्याचे पापड लाटणारी किंवा गणेशमूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करणारी स्त्री तासन् तास एकाच बैठकीवर असते. सायंकाळी एक पाय सुजला, पोटरी ठणकली, तर 'वय झाले' असे म्हणून ती तेल चोळते व पुन्हा कामाला लागते. बहुधा कारण साधेच असते. परंतु क्वचित पोटरीच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेली असते. ती सुटून फुफ्फुसात अडकली, तर प्राणावर बेतते.

रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे ही गुठळीची तीन कारणे होत. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावाने ती आजही शिकविली जातात.

सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रीस ती साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येते. त्या सुमारास इस्ट्रोजेन घटते, फायब्रिनोजेनसारखी रक्त गोठविणारी द्रव्ये वाढतात आणि गुठळी विरघळविण्याची शक्ती मंदावते. त्यात वय व वजन यांची भर पडते. म्हणून सारा दोष रजोनिवृत्तीस देता येत नाही.

मग घटलेले संप्रेरक गोळीने भरून काढावे काय? अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाने २००२ साली सावध केले. संप्रेरकांच्या गोळ्या न घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांत वर्षाला १६ जणींना, तर घेणाऱ्यांत ३४ जणींना गुठळी झाली. पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जाते व तेथे गोठविणारे घटक वाढविते. त्वचेवरील पट्टीने हा धोका वाढल्याचे सहसा आढळत नाही. उपचार त्याज्य नाहीत. ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावेत, एवढेच.

पूजा वा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी अनेक घरांत परस्पर आणली जाते. तिच्यातील नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो. चाळिशी उलटलेल्या, स्थूल किंवा घराण्यात गुठळीचा इतिहास असलेल्या भगिनींनी ती विचारल्याविना घेऊ नये.

निर्जळी उपवासात शरीरातील पाणी घटते. त्यातच रोह्याहून रेल्वेने दूरच्या यात्रेस जाताना दीर्घकाळ बसणे घडते. पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रीने अशा व्रतापूर्वी डॉक्टरांस विचारावे. प्रवासात अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी टाचा व पावले हलवावीत.

एकाच पायास अचानक सूज, ऊब व वेदना आल्यास पाय चोळू नये. त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. डॉपलर सोनोग्राफीने निदान होते. एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरातील सर्वांचे दुखणे पाहणारी स्त्री स्वतःचे दुखणे उद्यावर टाकते. गुठळी मात्र उद्याची वाट पाहत नाही. म्हणून तिच्या सुजलेल्या पायाकडे घरातील प्रत्येकाने वेळीच लक्ष द्यावे.