चांद्याचा उठाव : सुरुवात कशी झाली

श्रोतेहो, गोंडपिपरीहून पूर्वेकडे निघालात तर वैनगंगा लागते, दक्षिणेला वर्धा. पुढे या दोघींची प्राणहिता होते. याच नद्यांकाठच्या रानात १८५८ साली एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. बाबुराव शेडमाके हे त्यांचे नाव. अहेरी जमीनदारीतल्या मोलमपल्लीचे ते जमीनदार.

शिक्षक मंडळींनो, हा धडा घेताना एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "गुरुजी, दिल्ली तर सप्टेंबर १८५७ मध्येच पडली, लखनौ मार्च १८५८ मध्ये. मग हरत आलेल्या लढाईत आपली माणसं का उतरली?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दिल्लीत नाही, इथल्या रानात आहे.

चांद्याला पूर्वी गोंड राजे होते. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तरी रानातले जमीनदार आपापल्या मुलखाचा कारभार पाहतच राहिले. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना पुत्र नव्हता, एवढ्यावरून १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याच वर्षअखेर चांद्याला इंग्रज अंमलदार येऊन बसला. रान तेच, माणसे तीच; पण इथला धनी कोण, हा प्रश्न उभा राहिला.

आता सुरुवात किती लहान होती, बघा. बाबुरावांनी गोंड आणि रोहिले जमवले आणि मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल केली. फक्त एक परगणा! मग अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. एकाचे दोन झाले, तेव्हा कचेरीची झोप उडाली. कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन निघाला. नांदगाव-घोसरीला लढाई झाली, पण रानाची वाट न् वाट ठाऊक असलेली माणसे काही हाती लागेनात. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला.

फौजेला जे जमले नाही, ते घरभेदाने जमले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने सप्टेंबरात बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी दिले. व्यंकटराव बस्तरात गेले. १८६० मध्ये तेही धरले गेले. त्यांची ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

धनी कोण, हा प्रश्न मात्र तिथे संपला नाही. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा त्याच प्रश्नापाशी येतात. २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देणारे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

तेव्हा गुरुजी, मुलांकडून फाशीची तारीख जरूर पाठ करून घ्या. पण आधी त्यांना नकाशावर राजगड, घोसरी, अहेरी शोधू द्या, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी या उठावाबद्दल काय ऐकले आहे, ते वहीत लिहून आणायला सांगा.