निकालपत्रातील आकडा आणि घरातले मूल

[मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त एचएसआर लेआउट, बंगळूर येथे भरलेल्या पालकसभेतील भाषण]



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी साहित्य, नाट्य वा संगीत यांवर व्याख्याने होणे स्वाभाविक आहे. अशा मालिकेत प्राथमिक शाळेच्या निकालपत्रावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, याचे काही जणांस आश्चर्य वाटले असेल. परंतु गणेशोत्सवात किंवा कोजागिरीला चार मराठी कुटुंबे एकत्र आली की बोलणे अखेर ज्या विषयावर येऊन थांबते, तो मुलांच्या शाळेचाच असतो. शिक्षणशास्त्राचे पंडित म्हणवून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे आकड्यांचे तक्ते वाचण्यात गेली. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलले आणि प्रत्येक गावी मुलांसाठी शाळा शोधावी लागली. एवढ्या शिदोरीवर आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

आपल्या लहानपणी प्रगतिपुस्तक वाचण्यास विद्वत्ता लागत नसे. विषय, गुण, वर्गातील क्रमांक, गुरुजींचा शेरा आणि खाली वडिलांची सही, एवढाच तो कारभार. आपल्या आजोबांच्या पिढीला व्हर्नाक्युलर फायनल आणि आपल्या पिढीला चौथी व सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा ठाऊक होती. ती परीक्षा महाराष्ट्रात २०१६–१७ मध्ये पाचवी व आठवीकडे नेण्यात आली होती. आता आपल्या नातवंडांच्या वा मुलांच्या दप्तरातून येतो तो चार पानी रंगीत अहवाल. त्यात पर्सेंटाइल असतो, स्तंभालेख असतात, शाळेची सरासरी आणि देशाची सरासरी असते. गुरुजींचा शेरा मात्र शोधावा लागतो. या अहवालावर विसंबून पालक शाळा बदलतात, शिकवणी लावतात आणि क्वचित घरातली भाषाही बदलतात. म्हणून तो नीट वाचता आला पाहिजे.

प्रथम, प्रमाणित चाचणी म्हणजे काय? सर्व मुलांना सारखेच प्रश्न, सारखाच वेळ, तपासण्याची सारखीच रीत आणि तुलनेसाठी आधीच मोठ्या समूहावर ठरवलेले मान, ही तिची लक्षणे. या विद्येचे मूळ पॅरिसमध्ये आहे. १९०५ साली आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. ज्या मुलांना शाळेत अधिक साहाय्याची गरज आहे ती वेळीच ओळखता यावीत, हा तिचा हेतू होता. मुलांची क्रमवारी लावावी, असे बिने यांच्या मनात नव्हते.

ही विद्या आपल्याकडे आली ती कथा तर मराठी आणि कानडी या दोन्ही घरांची आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले, ते मराठी आणि कानडी मुलांसाठी. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके देशभर वापरली गेली. परदेशी प्रश्नांचे केवळ भाषांतर करून भागत नाही. ज्या मुलांना मोजायचे, त्यांच्यासारख्याच मुलांवर प्रश्न आधी पारखून मान ठरवावे लागते, हे त्या उद्योगाचे मर्म होय. फूटपट्टी कोणाच्या अंगणात आखली गेली, हा प्रश्न आपण, घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांनी, विशेष ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

दुसरी गोष्ट अशी की, वृत्तपत्रांत ज्या चाचण्यांचे निकाल गाजतात त्या आणि आपल्या मुलाने शाळेत दिलेली चाचणी या दोन भिन्न जातीच्या वस्तू आहेत. ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने २००५ पासून निघणारा ‘असर’ अहवाल घ्या. २०२४ च्या अहवालासाठी ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांची पाहणी झाली. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले त्यात २३.४ टक्के आढळली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. आकडा गंभीर आहे आणि सुधारणाही दाखवतो. परंतु ही पाहणी खेड्यांतील घरोघरी जाऊन होते; बंगळूर शहर तिच्या कक्षेतच येत नाही.

शहर व खेडी दोन्ही धरणारी पाहणी म्हणजे पूर्वीची राष्ट्रीय संपादणूक पाहणी. तिचेच पुढचे रूप ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या वर्गांत पार पडले. ७८१ जिल्ह्यांतील ७४ हजारांहून अधिक शाळा आणि २१ लाखांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. तिसरीच्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या वा उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीच्या ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे येत होते व वापरता येत होते. एकेकाळी तिन्हीसांजेला घराघरांतून पाढ्यांचा गजर ऐकलेल्या आपल्या पिढीला हे वाचून खंत वाटते.

तथापि या आकड्यांवरून आपल्या घरातील मुलाविषयी काय कळते? काहीच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, ही आपली म्हण अशा पाहण्यांचे शास्त्रच सांगते. चार शिते चेपून भांड्यातला भात शिजला की नाही, हे कळते. पण भात साधारण शिजला आहे एवढ्यावरून अमुक एक शीत कच्चे की पक्के, हे सांगता येत नाही. नमुना पाहणी जिल्ह्यासाठी व राज्यासाठी असते. तिची बातमी वाचून मुलाला रागे भरणे वा त्याच्याविषयी निर्धास्त होणे, दोन्ही व्यर्थ आहे.

आता हातातील अहवालाकडे वळू. त्यातील पहिला चकवा पर्सेंटाइल. तो शेकडा गुणांसारखा दिसतो, पण तसा नसतो. मुलाला साठावा पर्सेंटाइल मिळाला म्हणजे तुलनेतील शंभर मुलांपैकी साठ मुले त्याच्या मागे आहेत. त्याने शंभरपैकी साठ गुण मिळवले, असा त्याचा अर्थ नव्हे. पेपर सोपा असेल तर ऐंशी टक्के गुण मिळवूनही मूल चाळिसाव्या पर्सेंटाइलवर असू शकते. शिवाय मुलांची गर्दी मध्यावर असते. तेथे दोन-तीन प्रश्न अधिक चुकले की मूल दहा-पंधरा पायऱ्या खाली आलेले दिसते. अगदी वरच्या टोकाला तेवढेच प्रश्न चुकले तरी फारसा फरक पडत नाही. पंचावन्नावरून पंचेचाळिसावर आलेले मूल घसरले, असे एका वर्षाच्या आकड्यावरून म्हणू नये.

दुसरी गोष्ट चुकभुलीची. आदल्या रात्री ताप, शेजारच्या घरातले लग्न, एखादा प्रश्न अंदाजाने बरोबर येणे, या सर्वांनी गुण खालीवर होतात. म्हणून चांगला अहवाल एका आकड्याबरोबर त्याची मर्यादाही सांगतो, म्हणजे खरा आकडा अमुक ते अमुक यांच्या दरम्यान असावा. ती पट्टी बहुधा बारीक अक्षरांत असते आणि पालक नेमकी तीच वगळतात.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्नवार तपशील. एकूण आकडा मूल कुठे उभे आहे ते सांगतो. ते कुठे अडले ते प्रश्नवार तपशीलच दाखवतो. याचे एक उदाहरण आमच्या परिचयातील आहे. नागपूरहून बदली होऊन एक कुटुंब जूनमध्ये येथे आले. मुलगी मराठी माध्यमातील, तिसरीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दाखल झाली. दोन महिन्यांनी चाचणी झाली. इंग्रजीत चौतिसावा पर्सेंटाइल, गणितात एकेचाळिसावा. मूल दोन्ही विषयांत मागे आहे, घरी इंग्रजीच बोला, असा सल्ला शाळेकडून मिळाला. आईवडिलांनी तो मानला. घरात आजी होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. रात्रीच्या गोष्टी बंद झाल्या, आणि ज्या एका माणसाशी ती मुलगी मनमोकळे बोलत असे, तिच्याशी तिचे बोलणेच आटले.

मंडळातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो अहवाल मागवून घेतला व गणिताचे प्रश्न वेगळे काढले. सरळ आकडेमोडीच्या वीस प्रश्नांपैकी अठरा बरोबर होते. शाब्दिक उदाहरणे दहा, त्यांतील तीनच बरोबर. बाईंनी तीच दहा उदाहरणे मराठीत वाचून दाखवली. मुलीने आठ सोडवली. तिचे गणित कच्चे नव्हते. प्रश्नातील इंग्रजी तिला उमगत नव्हते. आणि तिची तुलना झाली होती ती पहिलीपासून इंग्रजीत शिकलेल्या मुलांशी. कामतांनी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी श्रम घेतले, तोच हा प्रश्न होता.

मग उपाय ठरला तो असा: रोज वीस मिनिटे इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचायचे, अवघड शब्दाचा अर्थ मराठीतून सांगायचा, आणि आजींच्या गोष्टी पूर्ववत सुरू. पुढील वर्षी शाब्दिक उदाहरणे सुधारली. त्याचे सर्व श्रेय या उपायाला देणे योग्य होणार नाही, कारण मधे शाळेचेही एक वर्ष गेले होते. पण मराठी चालू राहिल्याने सुधारणा अडली नाही, एवढे निश्चित. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हाच विचार मांडला आहे की, एका भाषेत रुजलेले वाचनाचे व आकलनाचे बळ दुसऱ्या भाषेच्या कामी येते. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा वा घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. येथे आपली मुले इंग्रजी, कन्नड, हिंदी आणि घरची मराठी अशा चार भाषांत वाढतात. या प्रांताची भाषा म्हणून कन्नड त्यांनी आवडीने शिकलीच पाहिजे. परंतु चाचणीत चार गुण कमी पडले म्हणून ज्या भाषेची परीक्षाच कोणी घेत नाही तिचा बळी देण्यापूर्वी, दोष खरोखर तिचा आहे काय, हे अहवालात शोधावे.

आता शाळेच्या सरासरीविषयी. एचएसआरच्या सातही सेक्टरांत शाळांची वाण नाही आणि प्रवेशाच्या हंगामात जो तो सरासरीचे तक्ते घेऊन बसतो. पंचवीस मुलांच्या वर्गाची सरासरी सत्तर आहे असे समजा. पुढल्या वर्षी त्यांतील दोन मुलांच्या जागी नुकतीच बदलीहून आलेली दोन मुले बसली व त्यांना सत्तरऐवजी वीस गुण मिळाले, तर सरासरी सहासष्टावर येते. शाळा तीच, शिक्षक तेच, शिकवणेही तेच. उलट प्रवेशाच्या वेळीच निवडून मुले घेणाऱ्या शाळेची सरासरी उंच असणारच. त्यात शाळेचे शिकवणे किती आणि निवड किती, हे सरासरी सांगत नाही. एकाच मुलाचे गुण दोन-तीन वर्षांत कसे वाढत गेले, हे पाहणे अधिक न्याय्य होय.

आकड्यालाच सर्वस्व मानले म्हणजे काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. २००२ मध्ये तेथे झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी चाचणी व तिच्या निकालावर शाळेचे भवितव्य, अशी व्यवस्था आली. अटलांटा शहरातील शाळांचे निकाल पुढे डोळे दिपवू लागले. २०११ मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला, तेव्हा ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक मुलांच्या उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांत गुंतल्याचे त्यात नमूद झाले. ज्या मुलांना मदतीची गरज होती, त्यांची गरजच त्या खोट्या गुणांखाली दडली गेली.

आपल्याकडेही परीक्षेचे वजन वाढत आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. डिसेंबर २०२४ मधील नियमांनुसार केंद्राच्या अखत्यारीतील शाळांत पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यायची आणि त्यानंतरही ते उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात ठेवता येईल, असे ठरले. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येणार नाही, हेही त्यातच आहे. केंद्रीय विद्यालयांत मुले असणाऱ्या बदलीवाल्या पालकांनी हा फरक जाणून असावे. वार्षिक परीक्षेचा निकाल मुलाची इयत्ता ठरवू शकतो. शाळेने अधूनमधून घेतलेल्या प्रमाणित चाचणीचा हेतू तो नसतो.

तात्पर्य, पुढील पालकसभेस जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत. आमच्या मुलाची तुलना कोणत्या मुलांशी केली आहे? या आकड्यात चुकभूल किती धरावी? कोणत्या प्रकारचे प्रश्न चुकले, ते पाहता येईल काय? आणि त्यावर शाळा काय करणार व आम्ही घरी काय करावे? या चार प्रश्नांना जी शाळा शांतपणे उत्तरे देते, ती सरासरीत दोन पायऱ्या खाली असली तरी आमच्या मते चांगली शाळा होय.

मंडळास एक नम्र सूचना करून आम्ही थांबतो. आपल्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. वर्षातून दोन रविवारी त्यांनी ग्रंथालयात बसावे आणि ज्या पालकांस अहवाल उलगडत नाही त्यांना तो समजावून द्यावा. नव्याने आलेल्या कुटुंबांस तर आवर्जून बोलवावे. पन्नास वर्षे या मंडळाने परक्या गावी मराठी माणसाला आधार दिला. एखाद्या आजीची रात्रीची गोष्ट चुकीच्या वाचलेल्या आकड्यापायी बंद पडू नये, एवढे काम त्याने पुढील वर्षांत अंगावर घ्यावे.